दारात उभा होतो

पहाटे ५.२०

कुकर होईपर्यंत मी दोन फायली पिशवीत भरते. एक जाड, एक पातळ. जाड फाईल चार वर्षं माझ्याकडे आहे. एका खासगी इस्पितळात आयाचं काम करणाऱ्या बाई दुसरी पाळी संपवून घरी निघाल्या होत्या. उपनगरातल्या एका स्टेशनच्या पादचारी पुलावर दोघांनी त्यांना अडवलं, पर्स हिसकावली, मंगळसूत्र ओढलं. त्यांनी हात आडवा घातला आणि चाकू मनगटावर बसला. उजव्या हाताची तीन बोटं आजही पुरती मिटत नाहीत. पातळ फाईल परवाची आहे. बावीस वर्षांचा मुलगा, हार्बर मार्ग, संध्याकाळची गर्दी. दारात उभा होता. गाडी मंदावली तशी रुळालगतच्या खांबावरून कुणीतरी काठी मारली. हातातला मोबाइल उडाला आणि मोबाइलपाठोपाठ तोही गेला. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

मुंबईत याला ‘फटका’ म्हणतात. इतका छोटा शब्द आहे, की ऐकणाऱ्याला वाटावं, मुलांचा खेळ असेल.

६.१०

डोंबिवलीहून लेडीज डबा. चौथी सीट मिळाली तरी पुष्कळ. मी गेली अठरा वर्षं रेल्वे दावा न्यायाधिकरणात वकिली करते, आणि रोज सोबत प्रवास करणाऱ्या मैत्रिणींनाही कित्येक वर्षं वाटत होतं, की गाडी घसरली किंवा दोन गाड्या आदळल्या तरच रेल्वे भरपाई देते. १९८९च्या रेल्वे कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली आणि कलम १२३ व १२४अ मधून ‘अनुचित घटना’ कायद्यात आली. गाडीतून चुकून पडणं त्यात आहेच. पण व्याख्येत त्याच्याही आधी काय लिहिलंय ते मी प्रत्येक पक्षकाराला वाचून दाखवते: दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, जबरी चोरी, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ. जागाही दिल्या आहेत: प्रवासी गाडी, प्रतीक्षालय, सामानघर, तिकीट आणि आरक्षण कार्यालय, फलाट, स्टेशनच्या आवारातली इतर कुठलीही जागा. फलाट तिकीट काढून कुणाला सोडायला आलेला माणूससुद्धा या कलमापुरता प्रवासीच. रेल्वेची चूक होती का, निष्काळजीपणा होता का, हे सिद्ध करायची गरज नाही. मृत्यूसाठी आणि सर्वांत गंभीर अपंगत्वासाठी १ जानेवारी २०१७पासून ८ लाख रुपये ठरले आहेत. त्याआधी ४ लाख होते.

हे ऐकून कालच शेजारची म्हणाली, “अगं, मग पुलावर चाकू मारला तरी?” पुलावर मारला तरी. फक्त एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. उशीर झालाच तर तो का झाला ते पटवून द्यावं लागतं.

७.४०

सरकारी रुग्णालयाचा अस्थिव्यंग विभाग. राउंड सुरू व्हायच्या आत मुलाला भेटायचं ठरलं होतं. तो जागा आहे, पण बोलत नाही. पांघरुणाखाली जिथे पाय नाही तिथे उशी ठेवलीय, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पोकळी दिसू नये. हे त्याच्या आईनं केलंय.

आई मला व्हरांड्यात घेऊन जाते. “मॅडम, एक विचारू? तो दारात उभा होता असं नाही लिहिलं तर चालेल का? आत बसला होता, गर्दीनं ढकलला, असं लिहा ना. नाहीतर म्हणतील, कुणी सांगितलं होतं दारात उभं राहायला.”

या कामात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. ही बाई खोटारडी नाही. परवापासून शेजारी, नातेवाईक, वॉर्डातले लोक, प्रत्येकानं तिला तेच विचारलंय: दारात कशाला उभा होता? तिला वाटतंय, कायदाही हेच विचारणार.

मी तिला बाकावर बसवते. “काकू, आहे तेच लिहायचं. दारात उभं राहणं म्हणजे भरपाई बुडाली, असं होत नाही.” कायद्यात पाचच अपवाद आहेत: आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःला करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली गोष्ट आणि नैसर्गिक आजार. दारात उभं राहून बेसावध असणं यातल्या कशात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली जमीला यांच्या प्रकरणात सांगितलं. २०१८ साली रीना देवी यांच्या निकालात आणखी स्पष्ट केलं, की ‘स्वतःला करून घेतलेली इजा’ म्हणायला तसा हेतू असावा लागतो, निष्काळजीपणा पुरत नाही. आणि काकू, हार्बरच्या गाडीत संध्याकाळी सातला आत सरकायला जागा असते का, हे त्या न्यायाधिकरणात बसलेल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. पण ‘आत बसला होता’ असं एकदा लिहिलं आणि उलटतपासणीत ते फुटलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तिचा दुसरा प्रश्न, “चोर सापडलाच नाही तर?”

मी तिला ११ जुलै २००६ची आठवण देते. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत ११ मिनिटांत ७ स्फोट झाले होते. त्या खटल्यात २०१५ साली १२ जण दोषी ठरले आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. ज्यांची माणसं गेली, त्यांच्या भरपाईचा हक्क या निकालांवर टांगून ठेवलेला नव्हता. काठी मारणारा कोण, हे पोलिसांनी शोधायचं. काठी बसली, हे आपण दाखवायचं.

तिसरी अडचण मीच काढते. तिकीट? मासिक पास होता, पण मोबाइलच्या ॲपवर, आणि मोबाइल चोरानं नेला. माझ्या कामात हे पुन्हा पुन्हा घडतं, चोर पुरावाही घेऊन जातो. तिला सांगते, त्याच नंबरचं सिम पुन्हा काढा, आणि पास काढला त्या दिवसाचा व्यवहार बँकेकडून छापून आणा. तिकीट अंगावर सापडलं नाही एवढ्यावरून प्रवासी नव्हता असं म्हणता येत नाही, हेही रीना देवी निकालातच आहे. अर्जदारानं सगळी हकिकत शपथपत्रावर सांगितली की प्राथमिक जबाबदारी पुरी होते, मग उलट सिद्ध करायचं काम रेल्वेचं.

निघताना तिचा फोन मागून घेते. मुलगा पडला त्या संध्याकाळी तिला एका अनोळखी नंबरवरून कळवलं गेलं होतं. तो नंबर यादीत खाली, नातेवाइकांच्या फोनांखाली गाडला गेलाय. ७.२२ची नोंद. तो डब्यातला सहप्रवासी असणार. मी तो नंबर पातळ फाईलच्या मुखपृष्ठावर लिहून घेते. आज फाईलमध्ये याहून मोलाचं काही नाही.

निवासी डॉक्टरांना एकच विनंती करते: डिस्चार्ज कार्डवर फक्त ‘गुडघ्याखाली विच्छेदन’ असं न लिहिता उरलेल्या भागाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. भरपाईच्या तक्त्यात ती लांबी बदलली की रक्कम बदलते.

९.३०

लोहमार्ग पोलीस ठाणं. उपनगरी गाडीतून माणूस पडला की स्टेशन मास्तर मेमो काढतो, हमाल स्ट्रेचर उचलतात, पोलीस डायरीत नोंद होते. हे दोन कागद पहिल्या काही तासांत तयार होतात आणि पुढची चार-पाच वर्षं त्यांच्यावरच वाद चालतो. मुलाच्या मेमोत लिहिलंय: ‘चालत्या गाडीतून पडून जखमी’. काठीचा उल्लेख नाही. लिहिणाऱ्यानं मुद्दाम गाळला असं मी म्हणणार नाही. समोर रक्त वाहत असताना तो काय लिहिणार?

पण गुन्हा नोंदवताना हे पुरेसं नाही. ठाण्यातले हवालदार म्हणतात, “ताई, मोबाइल चोरीची नोंद करून टाकतो.” मी त्यांना थांबवते. रेल्वे कायद्याच्या व्याख्येत साधी चोरी नाही. तिथे हिंसक हल्ला, जबरी चोरी आणि दरोडा हेच शब्द आहेत. चोरी करताना इजा केली की ती जबरी चोरी. भारतीय न्याय संहितेत ‘हिसकावणी’ हा वेगळा गुन्हाही आला आहे, तोही मुलाच्या पायाला पुरा पडत नाही. इथल्या एका शब्दावर पुढे न्यायाधिकरणातला निम्मा युक्तिवाद उभा राहतो. मुलाचा जबाब अजून कुणी घेतलेलाच नाही. तो घ्या, त्याच्या शब्दांत घ्या, असा लेखी अर्ज देते आणि त्याची पोच घेते.

एक अवघड मुद्दाही मनात आहे. काठी मारणारा गाडीत नव्हता, फलाटावरही नव्हता. दोन स्टेशनांच्या मध्ये रुळालगत होता. ‘स्टेशनच्या आवारात’ ही जागा येत नाही, असं रेल्वेचे वकील म्हणू शकतात, आणि तो मुद्दा पोकळ नाही. म्हणून अर्जात दोन्ही लिहायचं: हल्ला झाला, आणि त्यामुळे तो गाडीतून पडला. पडणं हे व्याख्येतलं स्वतंत्र कलम आहे, त्याला जागेची अट नाही. पण काठी लागून हात मोडला आणि माणूस मात्र डब्यातच राहिला, तर? अशी एक फाईल माझ्याकडे येऊन गेली आहे. पडला नाही म्हणून त्याचा दावा अवघड झाला. तो माणूस मला म्हणाला होता, “म्हणजे मी दांडी घट्ट धरली हेच चुकलं का?” त्याला द्यायला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

११.१०

न्यायाधिकरणाच्या बोर्डावर आमचा नंबर नववा. समोर दोन सदस्य, एक न्यायिक आणि एक तांत्रिक. आयाबाई माझ्या आधी येऊन बसल्या आहेत. इस्तरीची साडी, उजवा हात पदराखाली.

नववा नंबर येईपर्यंत माझ्या मनात २०११ची एक तारीख येते, इथे बसलं की येतेच. एक वडील होते, मुलगा गाडीतून पडून गेला होता. तिकीट सापडलं नव्हतं. दावा फेटाळला गेला. त्यांना अपिलात जायचं नव्हतं. “आता पुरे,” म्हणाले. उच्च न्यायालयात जायची ९० दिवसांची मुदत निघून गेली आणि मी त्यांना पुरेसं समजावलं नाही. सात वर्षांनी रीना देवी निकाल आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि त्यांचा नंबर फिरवला. लागला नाही.

आयाबाईंना साक्षीला बोलावलं जातं. त्यांचं शपथपत्र आधीच दाखल आहे, आज फक्त उलटतपासणी. रेल्वेचे वकील सभ्य गृहस्थ आहेत. त्यांचं काम ते करतात.

“रात्री साडेअकराला पूल रिकामा असतो, हे तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“तरी एकट्या गेलात?”

“दुसरा पूल नाही, साहेब.”

“तुम्ही गाडीनं आलाच नव्हता. पूर्वेकडून पश्चिमेला जायला पूल वापरत होता, असं मी म्हणतो.”

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. स्टेशनचा पूल रहदारीचा रस्ता म्हणून वापरणारा माणूस प्रवासी ठरत नाही. बाईंचा त्या महिन्याचा पास पर्ससोबत गेला. पण आधीच्या अकरा महिन्यांचे पास त्यांनी देवघराच्या खणात ठेवले होते, एकावर एक, रबर लावून. कशासाठी ठेवले, असं मी एकदा विचारलं होतं. “पैसे दिलेले असतात ना,” एवढंच म्हणाल्या. ते अकरा पास आणि इस्पितळाच्या हजेरीपटाची नक्कल फाईलमध्ये आहे. सदस्य ते पुन्हा पाहतात.

मग न विचारताच बाई बोलतात. “पुलावरचे दिवे बंद होते.”

वकील हरकत घेतात, प्रश्न नव्हता. न्यायिक सदस्य माझ्याकडे पाहतात. माझ्या दाव्याला दिव्यांची गरज नाही. दिवे लखलखत असते तरी हा दावा तसाच उभा राहिला असता. पण चार वर्षांपूर्वी पहिल्या भेटीत बाई मला हेच सांगायला आल्या होत्या. भरपाईचं त्यांना माहीतही नव्हतं. दिवे बंद आहेत, हे कुणाला तरी सांगायचं होतं.

तांत्रिक सदस्य विचारतात, “किती दिवस बंद होते?”

“गणपतीपासून, साहेब. हे झालं तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती.”

ते लिहून घेतलं जातं.

चूक कुणाची, हा प्रश्न कायद्यानं बाजूला ठेवला, ते फार चांगलं केलं. प्रभाकरन विजयकुमार यांच्या २००८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कलम १२४अ म्हणजे दोष सिद्ध न करताही येणारी जबाबदारी आहे, असं म्हटलं. तसं नसतं तर हात जायबंदी झालेल्या बाईला पुलावरच्या दिव्यांची दुरुस्ती-नोंदवही कोर्टात आणावी लागली असती. पण या चांगुलपणाची किंमतही मी रोज पाहते. रेल्वेची चूक कुठेच लिहिली जात नाही. रक्कम दिली जाते, फाईल बंद होते, दिवा कुणी लावायला हवा होता हे कुणी विचारत नाही. चुकीचा प्रश्न त्यामुळे संपत नाही. तो फक्त एकाच बाजूला वळतो: रात्री एकट्या का गेलात? दारात का उभा होतास? जिच्या ताब्यात जागा आहे तिला कुणी काही विचारायचं नाही, आणि जो तिथे जखमी झाला त्यानं मात्र वर्षानुवर्षं उत्तरं द्यायची. म्हणून बाईंच्या तोंडून आलेलं ते एक वाक्य नोंदीत गेलं, याचं मला निकालाइतकं महत्त्व वाटतं.

त्यांची जखम तक्त्यात सरळ बसत नाही. बोटं आहेत, पण चालत नाहीत. अशा वेळी वैद्यकीय पुरावा पाहून रक्कम न्यायाधिकरण ठरवतं. त्यावर युक्तिवाद पुढच्या तारखेला.

बाहेर आल्यावर बाई म्हणतात, “ताई, मी जास्त बोलले का?” मी त्यांचा डावा हात हातात घेते. उजवा त्या कुणाला धरू देत नाहीत.

दुपारी २.३०

डबा अर्धा खाऊन झालाय तोवर पुण्याहून एका बाईंचा फोन. त्यांच्या भावाला एका व्यापारी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मारहाण करून लुटलं, डोळ्याला इजा झाली. “रेल्वेसारखं आमचंही होईल का?”

नाही होणार, आणि हे स्पष्ट सांगावं लागतं. खासगी जागेसाठी असा कायदा नाही. दिवाणी दावा करायचा आणि दाखवायचं, की मालकाला किंवा व्यवस्थापनाला धोका माहीत होता किंवा माहीत असायला हवा होता, तरी त्यांनी काही केलं नाही, आणि इजा त्यामुळेच झाली. पार्किंगचे पैसे घेतले असतील तर ग्राहक आयोगाचा मार्ग आहे, तिथे मुदत २ वर्षं. मी त्यांना सांगते, पावती शोधा, कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवायची लेखी मागणी आजच करा, आणि त्याच पार्किंगमध्ये आधी काय काय घडलंय त्याच्या तक्रारी पोलिसांकडे माहितीच्या अधिकारात मागा.

किती वर्षं लागतील, असं त्या विचारतात. दिल्लीच्या उपहार सिनेमात १३ जून १९९७ला ५९ माणसं गेली. दारं अडलेली होती, वाटा बंद होत्या. भरपाईवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०११ साली आला, आणि त्यानं उच्च न्यायालयाची रक्कम कमी केली: प्रौढांसाठी १८ लाखांवरून १० लाख. त्या कुटुंबांनी संघटना करून लढा दिला तरी ही स्थिती. हे मी फोनवर सगळं सांगत नाही. “वेळ लागतो, पण पुरावा आजचा लागतो,” एवढं सांगते.

४.१५

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मुलासाठी दुसरा अर्ज. गुन्ह्यातल्या पीडिताला राज्याच्या निधीतून मदत देण्याची तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे, पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७अ मध्ये होती. गुन्हेगार सापडला नसला तरी अर्ज करता येतो, आणि तातडीच्या उपचारासाठी अंतरिम मदतही मागता येते. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा दाखला लागतो, म्हणजे पुन्हा सकाळचं ठाणं. उद्याच्या यादीत लिहिते.

६.४०

परतीच्या वाटेवर मुद्दाम आयाबाईंच्या स्टेशनवर उतरते. पूर्वेचा जिना चढून जाते. खाली गाड्या, वर गर्दी, भाजी घेऊन निघालेल्या बायका, खांद्याला लॅपटॉप लावलेली मुलं. चार वर्षांत पुलावर नवे दिवे आले आहेत. मी मोजते. अकरा आहेत, नऊ लागलेले. न लागलेले दोन पश्चिमेच्या जिन्याच्या तोंडाशी, शेजारी शेजारी. मोबाइलवर फोटो काढते, तारीख-वेळेसह. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर तक्रार नोंदवते आणि तक्रारीचा क्रमांक वहीत उतरवते. या फोटोचा कुठल्याही दाव्यात उपयोग नाही.

मग सकाळचा नंबर लावते. ७.२२चा. तिसऱ्या रिंगला उचलला जातो. तरुण आवाज, मागे गाडीची घोषणा. मी कोण ते सांगते. तो काही क्षण बोलत नाही. मग विचारतो, “वाचला का तो?”

वाचला, सांगते. त्यानं काठी पाहिली होती. मुलाचा शर्ट पकडायला हात टाकला होता, कापड हातात आलं आणि सुटलं. साक्ष द्यायला येणार का, असं विचारते. रविवारी सुट्टी असते, तेव्हा भेटू म्हणतो.

रात्री ९.५०

भांडी आवरून टेबलाशी बसते. मुलाच्या शपथपत्राचा कच्चा मसुदा. अशी शपथपत्रं साधारण नाव, वय, पत्ता, पासचा तपशील या क्रमानं जातात आणि दाराचा उल्लेख कुठेतरी सहाव्या-सातव्या परिच्छेदात येतो. मीही इतकी वर्षं तसंच लिहीत आले.

आज पत्त्यानंतरचं पहिलंच वाक्य लिहिते: ‘सदर वेळी डब्यात आत जाण्यास जागा नसल्याने मी दारात उभा होतो.’

खाली रविवारची वेळ लिहून ठेवते, आणि पेन्सिलीनं एक आठवण: लांबी, सेंटिमीटरमध्ये.